रेटा नसलेली भिंत

आमच्या घरात रात्रीचं जेवण नव्हतंच. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत ताटं घासून पालथी. लग्न होऊन निपाणीत आले तेव्हापासून मी संध्याकाळ घड्याळात कधी बघितली नाही, स्वयंपाकघराच्या भिंतीवर बघितली. ऊन फळीच्या खाली उतरलं की तवा चुलीवर. त्याची मला तक्रार नव्हती, खरं सांगते. पोटाला सवय लागली की अंधारात भूकच लागत नाही.

तक्रार पुढची आहे. मालकांचा तंबाखूचा धंदा आटोपला आणि आम्ही दोघं बेळगावला मुलाकडं राहायला आलो. मुलगा मच्छ्याला एका कारखान्यात इंजिनिअर. मालकांना आयुष्यभर वखारीत उठबस करायची सवय. बेळगावच्या फ्लॅटमध्ये त्यांना कुणी विचारीना. मग त्यांनी व्रत घेतलं. घरच्या माणसानं, आंघोळ करून, धुतल्या कपड्यात, गाळलेल्या पाण्यात शिजवलेलं असेल तेच खायचं, तेही सूर्य बुडायच्या आत. चांगलं व्रत आहे, मी नावं ठेवत नाही. पण व्रत त्यांनी घेतलं आणि पाणी आम्ही गाळायला लागलो.

आम्ही म्हणजे मी आणि सून. स्वयंपाकीण ठेवायची सोय उरली नाही. ‘घरचं माणूस’ याचा अर्थ ‘घरातली बाई’ असाच धरला गेला. तो कुणी धरला, कधी धरला, मला विचारू नका. दुधावर साय धरते ना, तसा. एवढं मात्र ठरलं की दुपार कलली की दोघींतली एक घरात पाहिजे.

सून चिकोडीकडची. शाळा कन्नडमधली, मराठी बोलताना ‘ळ’वर जरा जास्तच जोर. गणितात एम.एस्सी. झालेली, कॉलेजात तात्पुरती शिकवायची आणि पीएच.डी. करत होती. तिचे गाईड सर दिवसभर तासांत अडकलेले, त्यांना सवड संध्याकाळीच. म्हणजे जेव्हा आमच्या भिंतीवरचं ऊन खाली यायचं, नेमकं तेव्हा तिचं काम सुरू व्हायचं.

आणि मी? हसू नका. मी दहावीपलीकडं शाळा बघितलेली नाही, पण बीजगणित मला गोड लागायचं. मुलाच्या पुस्तकांतून शिकले, तो झोपला की त्याची उरलेली गणितं मी सोडवायची. पुढं फोनवर व्याख्यानं ऐकून ऐकून कॅल्क्युलसपर्यंत पोचले, चुकतमाकत. बेळगावला आल्यावर बस्तीच्या, म्हणजे आमच्या जिनमंदिराच्या, हॉलमध्ये दहावी नापास झालेल्या पोरींना संध्याकाळी गणित शिकवायला लागले. निम्म्या पोरी कन्नड मीडियमच्या. “गोत्तागलिल्ला, आज्जी,” म्हणजे कळलं नाही, असं एकीनं म्हटलं की मी तेच गणित भाकरी मोडून सांगायची. त्या पोरी माझी वाट बघायच्या. माझी वाट बघणारं कुणी असतं, हे मला सासरी आल्यावर पहिल्यांदाच कळलं.

तर अशा दोन बायका, आणि दोघींना संध्याकाळच पाहिजे. वाटणी झाली. आज ती, उद्या मी.

तिच्या थिसिसचं नाव इंग्रजी, हातभर लांब. मी एकदा पाणी गाळता गाळता विचारलं, “म्हंजे नेमकं काय गं करतीस तिथं?”

“लई किचकट हाय, आत्ती,” ती म्हणाली. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात.

“किचकट मला सांगू नको. तुझ्या सासऱ्याबरोबर संसार केलाय मी.”

ती हसली ती इतकी की फडकं हातातनं सुटलं आणि पाणी पुन्हा गाळावं लागलं. मग सांगायला लागली. त्या दिवसापासून आमच्या घरात कणीक मळताना गणित व्हायला लागलं.

तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, तिला विचारलंत तर ती नाक मुरडेल. समजा, त्रास कमी करायचाय. जिकडं उतार दिसेल तिकडं सरकायचं. सरकत सरकत अशी जागा येते की पायाखाली उतारच नाही. तिथं थांबायचं. ही झाली पहिली अट. बहुतेक माणसं इथंच म्हणतात, आलं, पोचलो.

“पोचलो कशावरनं?” सून म्हणाली. “तवंदीच्या घाटात माथ्यावर गाडी थांबते बघा. तिथंपण रस्ता सपाट असतोय. डाव्या-उजव्या हाताला डोंगर, तिकडं बघितलं तर वाटतंय आपण तळाला हाय. रस्त्यानं बघितलं तर दोन्हीकडं उतार, निपाणीकडं आणि इकडं बेळगावकडं. सपाट तर हाय. पण तळ न्हवं.”

म्हणून दुसरी अट. उतार संपल्यावर वाकण बघायचं. जमीन वर वाकते का खाली वाकते, प्रत्येक दिशेनं. सगळीकडं वर वाकत असेल तरच तो तळ.

“आणि भिंत असली तर?” मी विचारलं. घरात भिंतीच बघत आलेली बाई मी, मला तेच सुचणार.

तिनं माझ्याकडं बघितलं, जरा वेगळं बघितलं. “भिंत असली तर जिकडं जाता येत न्हाय ती दिशा तपासायचीच न्हाय. तिकडं उतार असो न्हाय तर खड्डा. भिंतीच्या कडेकडेनं काय होतंय तेवढंच बघायचं.”

“हे बरं हाय. म्हंजे कोंडून ठेवलं की माणूस सुखी.”

“असंच हाय की, आत्ती. गणितात तरी.”

पण तिचा अभ्यास याच्याही पुढचा होता, आणि तोच मला सगळ्यात उशिरा कळला. भिंतीला आपण टेकलोय याचे दोन प्रकार. एकात उतारच भिंतीकडं आहे. आपण तिला रेटतोय, ती आपल्याला. पुस्तकात त्या रेट्याचा आकडा काढतात, त्याला गुणक म्हणतात. भिंत जराशी मागं सरकवली की त्रास किती कमी होईल, ते तो आकडा सांगतो. भिंत वाकडी असली तर तिचं वाकणंही त्याच आकड्यानं गुणून हिशोबात घ्यायचं. अशा भिंतीपासून आत मागं फिरलं तर लगेच चढ लागतो, म्हणून आतली दिशा तपासायची गरज नाही.

दुसरा प्रकार म्हणजे नुसतं टेकलेलं. भिंत आहे, पाठ लागलीय, पण रेटा शून्य. “इथं माणसं फसतात,” ती म्हणाली. “भिंतीच्या कडेनं तपासतात, सगळीकडं चढ दिसतोय, आणि म्हणतात, झालं. पण रेटा नसंल तर आतली बाजू पण बघायला लागते. तिकडं जमीन खाली वाकलेली असंल, तर माणूस थांबलेला दिसतोय खरं, पर तो घसरणार.”

तिचा थिसिस या घसरणाऱ्या जागांवर होता.

घरात आमच्या धुसफूस होती. ती मी लपवत नाही. मी संध्याकाळी गेले की ती घरात अडकायची, तिच्या डोक्यात अर्धं राहिलेलं गणित, आणि भांडी आपटायची. ती गेली की मी उन्हाकडं बघत बसायची, बस्तीतल्या पोरी आज परत गेल्या असतील म्हणून माझा जीव तळमळायचा, आणि ती दारात आली की मी म्हणायची, “आलीस? बरं केलंस, आठवण झाली घराची.” असली वाक्यं तोंडातनं सुटतात. ती मला म्हणायची, “तुमच्या पोरी दरवर्षी नापासच होणार हायत, एक दिवस न्हाय गेला तर काय बिघडतंय?” दोघींनाही एकमेकींचं लागायचं आणि दोघींनाही दुसरीचं बरोबर वाटायचं, म्हणून आणखी लागायचं.

मुलगा या धुसफुशीला कंटाळला. तो कारखान्यातला माणूस. मशीन बिघडलं की एक एक गोष्ट हलवून बघायची, ही त्याची रीत. त्यानं तसंच केलं. एक महिना मी जास्त जायचं, तिनं कमी. घरात भडका. मग उलट. तिनं जास्त जायचं, मी कमी. तरी भडका. मग तो जेवायच्या वेळी म्हणाला, “बघा, दोन्हीकडं हलवून बघितलं. दोन्हीकडं त्रास वाढतोय. म्हंजे होतं तेच बेस्ट हाय. आता कुणी तक्रार करायची न्हाय.”

मालक म्हणाले, “शिकलेला हाय, बरोबर सांगतोय.”

सून ताट उचलून उठली. आत आल्यावर कट्ट्यावर सांडलेल्या पिठात तिनं बोटानं लिहिलं: एक्सचा वर्ग, अधिक वायचा वर्ग, वजा तीन एक्स वाय. “हा झाला घरातला त्रास. एक्स म्हंजे तुमचं बाहेर जाणं, वाय माझं. शून्य म्हंजे आत्ता हाय तेवढं. घाला आकडे.”

मी घातले. मी एकटीनं एक पाऊल जास्त गेले तर त्रास एक. ती एकटी गेली तरी एक. मी पुढं आणि ती मागं, म्हणजे मुलानं केलेला प्रयोग, तर एक अधिक एक अधिक तीन, पाच. भडका.

“आता दोघी पुढं घाला.”

एक अधिक एक वजा तीन. वजा एक.

मी पिठाकडं बघत राहिले. त्रास कमी? दोघी बाहेर गेलो तर? आणि मग तो माझ्या डोक्यात शिरला, तो हिशोब. त्रास बाहेर जाण्याचा नव्हताच. एकीनं जाण्याचा आणि एकीनं राहण्याचा होता.

“तिकडं भिंत हाय, एकीनं घरात राहायची,” ती म्हणाली. “आता दोघी मागं घाला.”

वजा एकचा वर्ग एक, दुसरा एक, गुणाकार परत अधिक, त्याचे वजा तीन. पुन्हा वजा एक.

“आपण घाटाच्या माथ्यावर हाय, आत्ती. तुमच्या लेकानं फक्त डोंगराकडं चढून बघितलं. बेळगावकडं, म्हंजे दोघी बाहेर, तिकडं फाटक बंद हाय. निपाणीकडं, दोघी घरात, तिकडं उघडं.” तिनं तळहातानं पीठ पुसलं. “आपण आत घसरणार.”

“असं कसं घसरणार? मी हाय न्हवं?” मी म्हटलं. मला तेव्हा माझ्यावर भरवसा होता.

मग तो दिवस आला. भावाच्या नातवाचं बारसं होतं, मी सकाळी निपाणीला गेलते. संध्याकाळची पाळी सुनेची होती, म्हणजे घरी राहायची. पण तिच्या गाईडकडं बाहेरगावचे कुणी मोठे सर अचानक आले, थिसिसचं शेवटचं प्रकरण बघतो म्हणाले. तिनं मला फोन केला, “आत्ती, तुमी जेवायच्या वेळेपर्यंत पोचताय न्हवं? मग मी हितं सरांकडं थांबतो.” आमच्याकडं बायकाही ‘थांबतो’च म्हणतात. मी म्हटलं, थांब की, मी बसमध्ये बसलेच.

आणि तवंदीच्या घाटात उसाचा ट्रक आडवा झाला. पुढं मागं गाड्यांच्या रांगा. कंडक्टर खाली उतरून बिडी ओढायला लागला तेव्हाच मी समजले. सुनेला फोन लावला, तिनं तो सरांसमोर बसताना बंद केलेला. मुलाला लावला, कारखान्यात तपासणी, उचलेना. मालकांना लावायचं धाडस झालं नाही. लावून सांगू काय, की तुमचं व्रत उसाखाली अडकलंय? बसच्या खिडकीतनं ऊन बघत बसले. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला डोंगर. मालकांना उपास घडणार, आणि त्याचं पाप सुनेच्या थिसिसवर फुटणार.

घरी पोचले तेव्हा दिवे लागलेले. जिन्यातच सून भेटली, धावत आलेली, ओढणी एका खांद्यावर. एकमेकींकडं बघितलं आणि दोघींना एकदमच कळलं की घरात कुणीच नव्हतं.

मालक सोफ्यावर बसले होते. समोर ताट नव्हतं. आत गेलो तर ओटा पुसलेला. गॅसवर झाकलेलं पातेलं. त्यात मुगाची खिचडी.

“कुणी केली?” मी विचारलं.

“कोण करणार? घरात भुतं हायत व्हय?” मालक म्हणाले. “वखारीत माल भरायला राहायचो तेव्हा मीच करत होतो. विसरलीस? पाणी दोनदा गाळलं.” आणि मग, बघा हं, मग म्हणाले, “तुमच्या दोघींपुरती ठेवलीय. मीठ बघून घ्या.”

त्यांचं जेवण सूर्य असताना झालेलं. व्रत जिथल्या तिथं. आम्ही दोघी त्या दिवशी अंधार पडल्यावर जेवलो, सासरी आल्यावर मी पहिल्यांदाच. मीठ थोडं पुढं होतं. खिचडी चांगली होती. तिच्या शेवटच्या प्रकरणाला त्या मोठ्या सरांनी मान हलवली होती; एवढा एक शेवट नीट लिहा आणि सादर करा, म्हणाले होते. माझ्या भावाच्या नातवानं बारशात सगळ्यांवर ओलं केलं होतं. आम्ही हसत होतो आणि मालक बाहेरनं विचारत होते, “काय झालं गं?” त्या घरातली तेवढी हलकी संध्याकाळ मला दुसरी आठवत नाही.

भांडी घासताना सून हळूच म्हणाली, “बघितलं का? भिंत आज हलली. बिघडलं काय?”

“काय न्हाय.”

“म्हंजे रेटा शून्य.”

मला वाटलं, आता सुटलो. अडाणी मी. भिंत रेटत नाही हे कळलं म्हणून कुणी ती पाडत नाही. पाडायला तिच्यात दुसऱ्या कुणाचं काही अडकलेलं नसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी बोरगावच्या आक्कांचा, माझ्या थोरल्या नणंदेचा, फोन आला. मुलानं त्यांना गंमत म्हणून सांगितलं होतं. गंमतच ती. आक्का फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलायच्या की कानाला लावायची गरज नसायची.

“काय गं, माझा भाऊ चुलीपाशी बसला म्हणं? दोन-दोन बायका घरात असून? व्रती माणसाला हातानं शिजवून खायची पाळी आणलीसा? इथं बस्तीत मी कुठल्या तोंडानं जाऊ?”

मी म्हटलं, “आक्का, व्रतात बसतंय. स्वतःच्या हातचं तर आणखी शुद्ध.”

“तू मला व्रत शिकवू नकोस. गणित शिकव तुझ्या नापास पोरींना.”

मालक हे सगळं ऐकत होते. काल खिचडीचं कौतुक वाटलेला माणूस तो. मी बघत होते त्यांच्याकडं. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला की काल आपला अपमान झाला होता आणि आपल्याला ते आत्ता कळलं.

“तुम्हाला येतंय की,” मी म्हटलं. “आठवड्यातनं एखाददिवस…”

“एक दिवस वेळ आली म्हणून रोज चूल फुंकू व्हय?”

“व्रत तुमचं, आणि हात तेवढे आमचे?”

“आवाज खाली,” मुलगा म्हणाला. तो आपल्या बाजूनं भांडण मिटवत होता. “आई, परत असं व्हायला नको. काही दिवस तुमी दोघीपण संध्याकाळी घरातच राहा. आप्पांचं मन शांत होऊ दे. मग बघू.”

मग बघू. आमच्या भागात या शब्दाखाली किती जणी पुरल्यात, त्याला मोजदाद नाही.

मी बस्तीत जाणं थांबवलं. पोरी दोनदा घरी आल्या, मालकांना बघून जिन्यातनंच परत गेल्या. सून गाईडकडं फोनवर बोलायला लागली, मग ते जमेना, कारण फळा पाहिजे, समोर माणूस पाहिजे. आणि घडलं काय? ऐका. घरातली धुसफूस थांबली. दोघी घरात, दोघी एका ओट्याशी. कुणी कुणाला टोमणा मारायचं कारणच उरलं नाही. ती कणीक मळायची, मी लाटायची. चपात्या अशा टम्म फुगायच्या की मालक आल्यागेल्याला सांगायचे. मुलगा म्हणाला, “बघा, घर किती शांत झालंय. मी सांगत होतो न्हवं?”

खोटं नव्हतं ते. हेच मला अजून पचत नाही. खोटं असतं तर मी भांडले असते. त्रास खरंच कमी झाला होता. पिठातल्या हिशोबाप्रमाणं, अगदी तसाच.

मी तिला म्हणायची, “तू जा गं. मी सांभाळतो. मी घरात हाय की.”

“मी एकटी गेले की परत एक,” ती म्हणायची. “आठवतंय न्हवं? आधी चढ लागतोय.” आणि खरंच ती एकदा गेली तर मालक जेवताना म्हणाले, “आज ताट वाढायला एकटीच?” एवढंच. पण तेवढ्यानं पुढच्या खेपेला तिनं पायातल्या चपला परत काढून ठेवल्या. घसरलेल्या जागेवरनं प्रत्येक पाऊल चढाचंच असतं, आणि जितकं जास्त घसरावं तितका तो चढ उभा.

तिची मुदत होती, विद्यापीठाची. एकदा वाढवून मिळाली. दुसऱ्यांदा वाढवायला गाईडची सही पाहिजे होती, ते म्हणाले, “तुम्ही येतच नाही, मी काय लिहून देऊ?” त्यांचंही चूक नाही. शेवटच्या प्रकरणाचा शेवट लिहायचा राहिला होता, तेवढाच. ज्या दिवशी मुदत संपली त्या दिवशी आमच्याकडं पुरणपोळी होती, सणच तसा होता. ती पुरण वाटत होती. मी विचारलं, “आज न्हवं गं?” ती म्हणाली, “व्हय, आजच. वेलदोडा द्या.” मी दिला. दुसरं काय देणार होते?

मालक पुढं दोन-तीन वर्षांत गेले. शांतपणे गेले, व्रत पाळून गेले, गावानं नाव काढलं. आक्का रडल्या. मीही रडले, आयुष्य काढलं होतं त्यांच्याबरोबर, आणि ती खिचडी मला आठवत होती.

विधी आटोपले. पाहुणे गेले. एके दिवशी संध्याकाळी मुलगा चहा पीत होता, अगदी प्रेमानं बायकोला म्हणाला, “आता कर की तुझी पीएच.डी. नव्यानं रजिस्टर कर. आता कोण अडवतंय?”

ती म्हणाली, “कुणीच न्हाय.”

“मग?”

ती कप विसळायला उठली. तो माझ्याकडं बघायला लागला, तूच सांग म्हणून. काय सांगणार? भिंत गेली, पण आम्ही आता भिंतीपाशी नव्हतोच. कधीच्या उतरून आलो होतो. भिंत पाडून उपयोग तेव्हा, जेव्हा माणूस तिला टेकलेला असतो.

तरी मी हट्ट केला. मी म्हटलं, दोघी जाऊ. तू सरांकडं, मी बस्तीत. एकदम पुढं, त्याशिवाय व्हायचं नाही. एक दिवस निघालो खरं. ती कॉलेजात गेली तर गाईड निवृत्त झालेले. नवीन बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, या विषयात आता बरंच पुढं काम झालंय, तुम्हाला सुरुवातीपासून वाचावं लागेल. मी बस्तीत गेले तर हॉलमध्ये मेंदी आणि ब्युटी पार्लरचा क्लास. पोरी तिथं होत्या, दुसऱ्या पोरी. एकीनं विचारलं, “आज्जी, अॅडमिशन पाहिजे का?” गुडघे धरून जिना उतरले. घरी आलो तर कुकरची शिट्टी कुणी लावणारं नाही, मुलगा बिस्किटं खात बसलेला, तोंड पाडून. रागानं नाही. बिचारा भुकेनं.

“बघितलंसा?” सून म्हणाली. “आता सगळीकडं चढच हाय. भिंतीविना.”

“मग हे काय झालं गं?”

“हे झालं मिनिमम, तळ. दोन्ही अटी पुऱ्या. वाकण सगळ्या दिशांनी वर.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “लोकल. फक्त आजूबाजूचं बघून ठरवलेलं.”

पलीकडच्या दरीत, बेळगावच्या बाजूला, काय होतं, किती खोल होतं, ते कुणी मोजलेलं नाही. मोजायला जी जाणार होती ती मेथी निवडत होती.

आता घरात व्रत कुणाचंच नाही. मुलगा तर बाहेर काहीही खातो, मला ठाऊक आहे. तरी ऊन फळीखाली उतरलं की ती उठते, तवा ठेवते, आणि मी पिठाचा डबा पुढं ओढते. दिवस मावळायच्या आत आमची ताटं पालथी होतात. शेजारीण म्हणते, तुमच्यासारख्या सासू-सुना बघितल्या नाहीत, कधी शब्दाला शब्द नाही. आम्ही हसतो.

फोनवरचा तो व्याख्यानवाला पोरगा अजून मी ऐकते. परवा तो फळ्यावर असंच एक गणित सोडवत होता. पहिली अट बघितली, बरोबर. दुसरी अट बघितली, बरोबर. मग त्यानं त्या जागेखाली दोन रेघा मारल्या आणि पुढं लिहिलं, उत्तर.